मागे उठणारी लाट

प्रवासाला निघालेल्या माणसाने पुढे पाहून चालावे, असे आपणांस लहानपणापासून शिकविले जाते. नांगराला हात घातल्यावर मागे वळून पाहणाऱ्याविषयी प्रभू येशूने काय म्हटले, हेही आपल्या परिचयाचे आहे. तेव्हा मागे वळून पाहणे हे कधीकधी धर्मकर्तव्य ठरते, असे कोणी म्हटल्यास ते प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. आम्हांलाही ते तसेच वाटले असते. परंतु काही वर्षांपूर्वी खाडीच्या पाण्यावर आमच्या हातून एक गोष्ट घडली आणि ज्या प्रश्नाचे उत्तर आपणांस ठाऊक आहे असे आम्ही समजत होतो, तो प्रश्न नव्याने आमच्यासमोर उभा राहिला.

त्या काळी आमच्या धर्मग्रामाची वस्ती खाडीच्या दोन्ही काठांवर होती. पलीकडच्या तीरावर एक लहानसे जुने कपेल होते व वर्षातून एकदा तेथील सणाचा मिस्सा अर्पण करावयास आम्ही जात असू. रस्त्याने वळसा घालून जाण्यास तासाहून अधिक वेळ लागे. होडीने ते काम वीस मिनिटांत होई. त्या वर्षी सणाच्या दुपारी अलीकडे एक दफनविधी निघाला आणि धक्क्यावर पोहोचावयास आम्हांला उशीर झाला. होडी फायबरची होती, मागे आउटबोर्ड इंजिन होते आणि सुकाणूवर आमच्याच धर्मग्रामातील एक तरुण होता. आम्ही त्यास म्हणालो, "बाळा, लोक खोळंबले असतील. जरा जोरात घे."

त्याने आमचे ऐकले. धर्मगुरूंचा शब्द मोडावा असे त्याच्या मनातही आले नसेल.

रविवार असल्याने खाडीत गर्दी होती. मासे घेऊन परतणाऱ्या होड्या होत्या, माणसे पोहोचविणारी तर होती, हौशी मंडळींना फिरवून आणणाऱ्या दोनतीन वेगवान बोटी होत्या. तिवरांच्या वळणापाशी एक छोटी होडी नांगर टाकून उभी होती. तीत एक वृद्ध गृहस्थ व एक दहाबारा वर्षांचा मुलगा गळ टाकून बसले होते. आम्ही त्यांच्यापासून शंभरएक पावलांवरून गेलो. वृद्धाने हात उंचावून हलविला. आम्हीही झग्याची बाही सावरून हात हलविला व पुन्हा पुढे पाहू लागलो. मिस्सा वेळेवर सुरू झाला. प्रवचन चांगले झाले, असेही एकदोघांनी सांगितले.

पुढे पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी घरोघर जात असता यादीत एक नवे नाव आढळले. त्या घरी गेलो तो खाटेवर तेच वृद्ध गृहस्थ. उभे आयुष्य त्यांनी डोलीच्या होड्यांवर खलाशी म्हणून काढलेले. आता वयोमानाने समुद्रावर जाणे थांबले, तरी नातवाला घेऊन खाडीत गळ टाकण्याचा नाद सुटला नव्हता. त्यांच्या उजव्या मांडीपासून पावलापर्यंत पट्टी बांधलेली होती.

"काय झालं, बाबा?" आम्ही विचारले.

"काही नाही, फादर. चहा सांडला."

आतून त्यांची पत्नी म्हणाली, "चहा आपोआप सांडला का? सांगा की फादरना."

मग त्यांनी सांगितले. होडीत त्यांनी स्टोव्हवर चहा ठेवला होता. एक बोट जोरात आली. त्यांनी हात करून हळू जावयास सांगितले. बोटीत कोणी पांढऱ्या कपड्यातले होते, त्यांनीही हात केला, तेव्हा त्यांना वाटले की आपले म्हणणे पोहोचले. बोट निघून गेली. पाणी शांत दिसले म्हणून ते पातेले उतरविण्यास वाकले आणि तेवढ्यात आडवी लाट आली. होडी एका अंगावर कलली आणि उकळता चहा मांडीवर आला.

त्यांची नजर अधू झाली होती की ते आम्हांला वाचवीत होते, हे आम्हांला आजतागायत कळलेले नाही. नाथान संदेष्ट्याने दाविद राजाला गरीब माणसाच्या मेंढीची गोष्ट सांगितली, तेव्हा त्या गोष्टीतला अपराधी मनुष्य आपणच आहोत हे राजाला शेवटी कळले. तो उतारा आम्ही मंदिरात कितीदा वाचला होता! दाविदाच्या जागी बसून तो ऐकण्याची वेळ मात्र त्या दिवशी प्रथमच आली. त्या बोटीत आम्हीच होतो, असे आम्ही त्यांना सांगितले.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी हात केला तेव्हा तुम्हाला काय वाटलं, फादर?"

आम्ही खरे ते सांगितले, की आपण 'जय ख्रिस्त' म्हणत आहात असे वाटले.

यावर ते मोठ्याने हसले. त्यांची पत्नी मात्र हसली नाही. ती दारात उभी राहून एवढेच म्हणाली, "पोरगा पलीकडे बसला होता म्हणून बरं. पातेलं त्याच्यावर आलं असतं तर?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. तो प्रश्न बरोबर घेऊनच आम्ही घरी आलो.

आमच्या हातून पाप घडले होते काय? नीतिशास्त्र शिकलेल्या माणसाला असा प्रश्न पडला की तो प्रथम बचावाचे मुद्दे शोधू लागतो, आम्हीही शोधले. आमचा हेतू वाईट नव्हता. आमची होडी त्यांच्या होडीला लागली नव्हती. त्या वळणावर वेग कमी करा असा फलक नव्हता. आणि लाट तेथे पोहोचली तेव्हा आम्ही दूर निघून गेलो होतो. काय झाले हे आम्हांला दिसलेदेखील नाही. हे चारही मुद्दे खरे होते. परंतु त्यांतील एकही त्या दारात उभ्या असलेल्या स्त्रीपुढे मांडण्याजोगा नव्हता.

सेमिनरीत आम्हांला दुहेरी परिणामाचे तत्त्व शिकविले गेले होते. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात स्वसंरक्षणाची चर्चा करताना म्हटले आहे की एकाच कृतीतून दोन परिणाम निघू शकतात, एक हेतूतला व दुसरा हेतूबाहेरचा. या विवेचनातून पुढील नीतिशास्त्रज्ञांनी चार कसोट्या बांधल्या. कृती मुळात चांगली किंवा निदान निर्दोष असावी. करणाऱ्याचा हेतू चांगला असावा. चांगला परिणाम वाईट परिणामाच्या मार्गाने साधलेला नसावा. आणि वाईट परिणाम सोसण्याइतके चांगल्या परिणामाचे मोल असावे. मिस्साला जाण्यासाठी होडीने प्रवास करणे ही कृती चांगली होती. हेतूही चांगला होता. लाट हे आमचे साधन नव्हते. तीन कसोट्यांना आम्ही उतरलो. चौथीला मात्र उतरलो नाही, कारण त्या वेगाने आम्ही मिळविले काय, तर फार तर पाचसात मिनिटे. कपेलातील लोक तेवढा वेळ रोझरी म्हणत बसले असते आणि कोणाचे काही बिघडले नसते.

कोणी म्हणेल, की लाटेचे ज्ञानच नसेल तर कसोट्या लावायच्या कशा? येथे आपल्या परंपरेने केलेला दुसरा एक भेद उपयोगी पडतो. अज्ञान दोन प्रकारचे असते. एक, जे माणसाला प्रयत्न करूनही दूर करता आले नसते. त्याबद्दल तो दोषी नाही. दुसरे, जे थोड्याशा काळजीने दूर झाले असते. त्याबद्दल तो दोषी आहे. आमचे अज्ञान कोणत्या प्रकारचे? होडीमागे लाट उठते हे खाडीकाठच्या लहान मुलालाही ठाऊक असते. आम्हांला दिसले नाही, कारण आम्ही पाहिले नाही. मान मागे वळविण्यास किती श्रम पडले असते? पवित्र मिस्साच्या आरंभी आपण सारे जी पापकबुली देतो, तीत केलेल्या गोष्टींबरोबर न केलेल्या गोष्टींचाही उल्लेख असतो. ती प्रार्थना आम्ही त्या दिवशी सायंकाळीही म्हटली होती, खाडी ओलांडून गेल्यावर अवघ्या काही मिनिटांनी.

आम्ही औषधपाण्याचा खर्च देऊ केला. त्यांनी तो नाकारला. त्यांच्या पत्नीने पुढे येऊन तो घेतला, आणि ते आम्हांला फार बरे वाटले. जक्कयाला लुबाडलेल्यांच्या हाती चौपट परत ठेवावयाचे होते. त्याच्या तोंडावर सर्वांनी दारे लावून घेतली असती तर त्याच्या पश्चात्तापाचे काय झाले असते? क्षमा मागणाऱ्याला भरपाई करू देणे हीसुद्धा क्षमेचीच एक पायरी आहे.

त्यानंतर आम्ही त्या घरी वरचेवर जाऊ लागलो आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर लाटेविषयी दोन गोष्टी शिकलो. पहिली ही, की होडीमागची लाट होडीपेक्षा पुष्कळ हळू चालते. बोट शंभर पावलांवरून गेली तर तिची लाट अर्ध्या-पाऊण मिनिटाने येते, म्हणजे नेमकी अशा वेळी, जेव्हा बसलेल्या माणसाला धोका टळला असे वाटते व बोटीतल्या माणसाने तर तो विषय केव्हाच सोडलेला असतो. दुसरी गोष्ट आम्हांला अधिक नवी होती. वेगाने पाण्यावर उचलून चाललेली होडी शेवटच्या क्षणी थोडीशी हळू केली, तर लाट कमी न होता वाढते. होडीचे नाक वर येते, पिछाडी पाण्यात बसते व ती पाणी नांगरत चालते. सर्वांत मोठी लाट या अर्धवट वेगाची असते. म्हणून लाट टाळावयाची तर खूप आधीपासून वेग उतरवावा लागतो, होडी पूर्णपणे पाण्यात बसू द्यावी लागते आणि पलीकडे बरेच अंतर गेल्यावरच पुन्हा वेग घ्यावा लागतो. "दया करायची तर आधीपासून करावी, फादर," बाबा म्हणाले. ते इंजिनाविषयी बोलत होते. आम्हांला मात्र त्यात अर्धवट पश्चात्तापाविषयीचे एक संपूर्ण प्रवचन ऐकू आले.

शास्त्रज्ञांनीही या लाटेचा विचार केलेला आहे. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्धीस आलेले विल्यम थॉमसन यांनी १८८७ साली दाखविले की खोल पाण्यात चालणाऱ्या वस्तूमागे लाटांचे जे पाचरीसारखे रूप पसरते, त्याचा कोन सर्वसाधारणपणे एकच असतो. मध्यरेषेपासून प्रत्येक बाजूस सुमारे साडेएकोणीस अंश. तळ्यातल्या बदकामागे तो असतो, तसाच मोठ्या जहाजामागेही असतो. म्हणजे लाट कोणालाच चुकत नाही, मग तो लहान असो वा थोर. फरक उंचीचा असतो, आणि उंची दुप्पट झाली की लाटेतील ऊर्जा चौपट होते. मोठ्यांनी अधिक जपून का चालावे, याचे कारण निसर्गानेच असे गणित घालून सांगितलेले आहे.

पाण्यावरील धोका म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे टक्कर येते. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाची वेगवान होडी घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि डझनाहून अधिक माणसांचे प्राण गेले. ते दुःख अद्याप ताजे आहे. टक्करीत दोष कोठे, हे शोधता येते, चौकशी होते. परंतु न शिवता केलेल्या इजेची चौकशी कोण करणार? समुद्रावरील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली संमत झाले व १९७७ पासून अमलात आले. सुरक्षित वेगाने जा, असे ते सांगतात. मासेमारीत गुंतलेल्या नौकेला यांत्रिक नौकेने वाट द्यावी, असेही सांगतात. परंतु 'मासेमारीत गुंतलेली नौका' कोणती, याची व्याख्या वाचताना आम्ही थबकलो. ज्या जाळ्यांमुळे वा दोऱ्यांमुळे नौकेला हवे तसे वळता येत नाही, तीच नौका या व्याख्येत बसते. हातात एक गळ धरून बसलेला म्हातारा व त्याचा नातू यांना या कलमाचा आधार मिळेलच असे नाही. कायदा जेथे संपतो, तेथे हा म्हातारा बसलेला आहे. त्याला आधार आपल्या सदसद्विवेकबुद्धीचाच.

हे कायदे करणाऱ्यांनाही ठाऊक असावे. कारण त्याच नियमांत आरंभी असे बजावले आहे की कलमांचे पालन केले एवढ्यावरून खलाशाच्या साध्या सावधगिरीत झालेली कसूर माफ होत नाही. अमेरिकेतील सरोवरांवर व नद्यांवर धक्क्यांजवळ असे फलक असतात की येथून मागे लाट न उठविता जा. या आज्ञेचे शहाणपण आम्हांला फार मोलाचे वाटते. तुमचा वेग किती, असे ती विचारत नाही. तुम्ही मागे काय ठेवून जाता, असे ती विचारते. एखाद्या लहान होडीला जो वेग चालेल तो मोठ्या बोटीला चालणार नाही. आकडा पाळून सुटका नाही. मागे वळून पाहावेच लागते.

आणि ही केवळ गळ टाकणाऱ्यांची तक्रार आहे असेही नाही. ज्या व्हेनिस नगरीच्या तीन धर्माध्यक्षांना विसाव्या शतकात पोपपदाचा मान लाभला, त्या नगरीत मोटारबोटींच्या लाटा घरांच्या व चर्चेसच्या पायाच्या विटा सुट्या करीत आल्या आहेत. तेथील लोकांनी या लाटांच्या उपद्रवाला स्वतंत्र नावच दिले आहे. १९७५ साली त्यांनी याचा निषेध म्हणून वल्हवीत जाण्याची एक सुमारे तीस किलोमीटरची फेरी सुरू केली. तीत शर्यत नसते, इंजिन नसते. हजारो माणसे वल्ही मारीत आपल्या नगराभोवतीच्या पाण्यातून जातात. एक लाट भिंत पाडीत नाही. एका बोटीवर बोट ठेवून हिने पाडले, असे म्हणता येत नाही. प्रत्येक जण म्हणू शकतो की माझ्या एकट्याच्या लाटेने काय होणार? आणि भिंत तर झिजतच असते. ज्या पापाला एकच धनी नसतो, ते कबूल करावयास कोणीच येत नाही. धर्मगुरूंइतके हे दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

आपल्याकडील पाणीही आता पूर्वीइतके मोकळे राहिलेले नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाली व ज्यांना तासन्‌तास वळसा घालावा लागे त्यांची सोय झाली. पर्यटकांच्या बोटी वाढल्या आहेत. त्यांवर रोजी मिळविणारे तरुण आपलेच आहेत. वेगाला शिव्या देणे सोपे आहे. परंतु आजारी माणसाला पलीकडे नेणारी होडी वेगानेच गेली पाहिजे, आणि दिवसात चार फेऱ्या केल्याशिवाय ज्याचे कर्जाचे हप्ते फिटत नाहीत त्याची घाई ही चैन नव्हे. गळ टाकणाऱ्याचेही काही देणे लागते. होड्यांच्या ये-जा करण्याच्या वाटेत नांगर टाकून बसणे, वाटेवर आडव्या दोऱ्या सोडणे, अंधारात दिवा न लावता बसणे आणि मग येणाऱ्याच्या नावाने ओरडणे, हा न्याय नव्हे. अरुंद वाटेत मासेमारी करणाऱ्याने दुसऱ्याच्या जाण्यास अडथळा करू नये, असे उपरोक्त नियमही सांगतात. बोट येताना दिसली की दोरी आत घ्यावी, निदान आपली दोरी कोणीकडे गेली आहे ते हाताने दाखवावे. आणि बोटवाल्याने दोरीच्या बाजूने न जाता मोकळ्या बाजूने जावे. गळकरी व काठ यांच्या मधून घुसू नये. अंतर ठेवता येत नसेल तर वेग उतरवावा. इतक्या साध्या या गोष्टी आहेत. त्या साध्या आहेत म्हणूनच त्यांना कोणी नीती म्हणत नाही, शिष्टाचार म्हणतात. आमच्या मते दुर्बळाच्या बाबतीत पाळलेला शिष्टाचार म्हणजेच नीती होय.

शुभवर्तमानांत मासेमारी पुष्कळ आहे, परंतु ती बहुधा जाळ्यांची. गळाचा उल्लेख एकाच ठिकाणी येतो, मत्तयाच्या सतराव्या अध्यायात. मंदिराचा कर गोळा करणारे पेत्राकडे येतात. प्रभू पेत्राला प्रथम हे पटवून देतो की पुत्रांवर कर नसतो. आपण तो देण्यास बांधलेले नाही. हक्काचा प्रश्न तेथे संपला. परंतु प्रभू तेथे थांबत नाही. या माणसांना आपल्यामुळे ठेच लागू नये म्हणून तो पेत्राला सरोवराकडे जाऊन गळ टाकावयास सांगतो. पहिल्या माशाच्या तोंडात नाणे सापडेल, ते दोघांसाठी द्यावे. प्रवचनकार या नाण्याच्या चमत्काराविषयी बोलतात. आम्हीही बोलत असू. आता आम्हांला नाण्याहून थोर वाटते ते त्यामागचे कारण. जो मोकळा होता त्याने, दुसऱ्याला ठेच लागू नये एवढ्यासाठी, आपले मोकळेपण आवरते घेतले. अख्ख्या शुभवर्तमानात गळ एकदाच पाण्यात पडतो आणि तो या सौजन्यासाठी पडतो. संत पौलाने दुर्बळ बांधवाखातर मांसाहार सोडण्याची तयारी दर्शविली, तीही याच मार्गाने.

'मला अधिकार आहे' या वाक्याने आपले वाद सुरू होतात व तेथेच संपतात. आपल्या जमिनीवर मातीभराव करण्याचा मला अधिकार आहे. पावसाळ्यात पाणी शेजारच्या वाडीत शिरते, तेव्हा मी तेथे नसतो. आपल्या घरच्या लग्नात रात्री उशिरापर्यंत बँड वाजविण्याचा मला अधिकार आहे; पलीकडच्या घरात कोणी आजारी आहे, हे मला दिसत नाही. बोलून गेलेला एखादा शब्द, वेदीवरून सहज मारलेला एखादा टोमणा, आमच्या होडीमागून चालत जातो व आम्ही दुसऱ्या कामाला लागल्यावर कोणाच्या तरी घरात पोहोचतो. त्या माणसाने दुरून हात केलेला असतो. आम्ही त्याला नमस्कार समजतो.

गेल्या हिवाळ्यात बाबांच्या आग्रहावरून आम्ही त्यांच्या होडीत त्याच तिवरांच्या वळणापाशी जाऊन बसलो. नातू आता वल्ही मारण्याइतका मोठा झाला आहे. स्टोव्ह होता, पण चहा घरूनच थर्मासमध्ये आणलेला होता, तशी घरातून सक्त ताकीद होती. तासाभरात एक शिंगाळा तेवढा लागला. इतक्यात पर्यटकांची एक बोट आली. बाबांनी हात केला. बोटीवरील तरुणाने पाहिले आणि लगेच इंजिन उतरविले. पण उशीर झाला होता. बोटीचे नाक वर आले, पिछाडी बसली आणि मागे मोठी लाट उठली. नातवाने नांगराची दोरी सैल केली, वल्ह्याने होडीचे तोंड लाटेकडे वळविले. आम्ही दोन्ही हातांनी काठ धरून बसलो. होडी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. आमचा झगा गुडघ्यापर्यंत भिजला.

आम्हांला त्या तरुणाचा राग आला होता. बाबांनी बोट दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "ह्याला कळलं, फादर. उशिरा कळलं, पण कळलं. पुढल्या वेळी आधीपासून हळू येईल."

तो पुढल्या वेळी कसा आला, हे आम्ही पाहिलेले नाही. परंतु त्या दिवसापासून रात्रीच्या आत्मपरीक्षणात आम्ही एक प्रश्न वाढविला आहे. आज मी काय केले, हे विचारून झाल्यावर, आज मी कोणाच्या जवळून गेलो, असे आम्ही स्वतःस विचारतो. उत्तर बहुधा लगेच येत नाही. लाटेप्रमाणे तेही थोड्या वेळाने येते. तेवढा वेळ गुडघे टेकून थांबणे, एवढेच आपल्या हाती असते.